कोप विकणे आहेत

सुलूकाकी पार्सलाला गाऱ्हाणं घालते. बरोबर वाचलंत, पार्सलालाच. कट्टा गावात आमच्या शेजारी तिची पडवी. तिथे खोक्याला चिकटपट्टी लागली की काकी डोक्यावर पदर घेते आणि सुरू होते, "बा देवा म्हाराजा, ह्यो कोप नागपुराक चललो हा. वाटेत कोण त्येका आपटूक इलो, कोण त्येच्यार बसाक इलो, तर त्येका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" म्हणायला मी. खांद्याला ऑफिसची बॅग, ओरोसची एसटी सुटायची वेळ, आणि मी आपला खोक्यासमोर हात जोडून उभा. देवाला असं गाऱ्हाणं घालणं हा गावकाराचा, म्हणजे पुरुषाचा मान. पण हे काकीला सांगायची छाती गावात कोणाची नाही. आणि ते खोकं मांडीवर घेऊन ओरोसच्या कुरियरवाल्यापर्यंत कोण नेणार? पुन्हा मीच.

काकीचे यजमान बोटीवर खलाशी होते. प्रत्येक बोट सोडताना तिचं नाव छापलेला एक चिनी मातीचा कप घरी आणायचे. त्या बोटी कधीच भंगारात गेल्या. असल्या कपांना आता हौशी गिऱ्हाइकं मिळतात असं काकीच्या कानावर आलं आणि तिने मला मोबाईल घेऊन जाहिरात टाकायला बसवलं. ती सांगेल ते लिहायचं, अक्कल पाजळायची नाही. आमच्याकडे कपाला म्हणतात कोप. तसंच लिहिलं, "बोटीवरचे जुने कोप विकणे आहेत." साताऱ्याहून एकाने लगेच विचारलं, कोणाचा कोप, आणि शांतीचा खर्च वेगळा का? मी शब्द बदलायला गेलो तर काकीने हात धरला.

"आसांदे. ज्येका कळता तो बरोबर येतलो."

तिचं पॅकिंग बघण्यासारखं. भाताचं तूस, त्यात जुन्या लुगड्याचे तुकडे, वर काथ्या, आणि खोक्यात खोकं. कुरियरवाला वजन करून भाडं सांगायचा तेव्हा घाम मला फुटायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. ते भाडं गिऱ्हाइकावर घाल म्हटलं, तर भाड्यापायी कोणी परत फिरायला नको म्हणायची. एका महाभागाने कप फुटका मिळाला म्हणून पैसे परत मागितले. काकीने स्वतःच्या खर्चाने तुकडे मागवले आणि जुळवून बघितले, तर ते बाजारातल्या गुलाबी फुलांच्या कपाचे. मी तक्रार करायला निघालो, तर म्हणाली, देऊन टाक त्याचे पैसे, चोरालाही चहा प्यायला कप लागतो. पण आपला कप फुटलेला नाही, हे मात्र तिने संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला ऐकवलं.

फोनवर गिऱ्हाइकाची उलटतपासणी व्हायची. तुम्ही खंयच्या बोटीर होतास? बापूस होतो? काको होतो? पुण्याचा एक भला माणूस म्हणाला, मी अजून होडीतही बसलेलो नाही. त्याला कप दिला, पण तोंड पाडून दिला.

आणि एक निळ्या काठाचा कप. जाहिरातीत पहिला फोटो त्याचाच. पण कोणी मागितला की काकी म्हणायची, तो गेलो. गेला कुठे? समोर कपाटात होता. विकायचा नाही तर फोटो कशाला, म्हणून मी किती वेळा डोकं फोडून घेतलं.

परवा नाशिकहून एका म्हाताऱ्याचा फोन आला. मूळचा वेंगुर्ल्याचा, आता मुलाकडे राहतो. 'कोप' वाचून आधी पोटभर हसला. मग म्हणाला, निळ्या काठाच्या त्या बोटीवर मी स्वयंपाकी होतो. काकीने साल विचारलं. त्याने सांगितलं आणि ती होती तिथेच खाली बसली.

त्याच साली, त्याच बोटीवर काकीचे यजमान गेले. भर समुद्रात. त्यांना पाण्यातच सोडलं. घरी आली ती त्यांची पेटी, आणि पेटीत सदऱ्यात गुंडाळलेला हा निळ्या काठाचा कप, साधा चराही न गेलेला. हृदय बंद पडलं एवढं कंपनीने कळवलं. त्यापुढे काकीला कोणी काही सांगितलं नाही, आणि तिने विचारायचं तरी कोणाला? ते भाडं आणि तो पहिला फोटो कोणाची वाट बघत होते, ते माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

मला वाटलं, आता विचारेल, कसे गेले, काय बोलले. काकीने पदर सारखा केला.

"त्या दिवशी ते जेवल्ले?"



"वयनी, माज्या हातचो भात आणि बांगड्याचो तिखलो," म्हातारा म्हणाला. "दोनदा मागान घेतल्यानी."

मला रडू आलं, लपवत नाही. काकी मात्र उठली. सरकारने सत्कार केला असता तरी तिची मान इतकी ताठ झाली नसती.

"आयकलंस रे?" ती मला म्हणाली. "जेवान गेले ते. उपाशी नाय गेले."