हौसाआत्याचं वेखंड

आमच्या शेजारच्या हौसाआत्याच्या घरात शिरायचं तर आधी पाय धुवावे लागत. यात नवल काही नाही. पण निघतानाही धुवावे लागत. शेवगावात नवा आलेला पोस्टमन म्हणाला, "म्हातारी पाहुन्याचा लई मान ठेवती!" मान कसला! तिच्या न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडे, तिथं तिनं वेखंड लावलं होतं. वेखंडाला सदा ओल लागते आणि आमचा मुलूख कोरडा ठणठणीत. म्हणून आत्यानं सगळ्या गल्लीचे पाय कामाला लावले होते. साबण काढलात तर मात्र तुमची खैर नव्हती.

वाळलेलं वेखंड सहाणेवर मधात उगाळून ती तान्ह्या पोरांच्या जिभेला लावी. त्यानं वाचा फुटते, स्वच्छ होते. "ही समदी गल्ली माझ्या वेखंडावर बोलती," असं ती ऐटीत सांगे. चौकात भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्यालाही तिनं सुनावलं होतं, "तुला जरा जास्तच चाटवलं हुतं बाबा!" मीही त्याच वेखंडाचा, हे मी आजही मान ताठ करून सांगतो.

आमची मंदा मात्र अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. बायको रडकुंडीला आली. आम्ही मंदाला रोज आत्याकडे न्यायचो. "बोलंल. माझं एक पोर मुकं राह्यलं न्हाई," आत्या म्हणे. तिचं स्वतःचं असं कुणीच नव्हतं.

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. टँकरच्या हंडाभर पाण्यात पाय कोण धुणार? वेखंड पिवळं पडलं. मग आत्या न्हाणीत तांब्याभर पाण्यानं अंघोळ उरकायची आणि बाकीचं वेखंडाला घालायची. "आमी दोघंबी न्हालो," म्हणायची. आम्ही हसायचो, पण जाता-येता ओंजळभर पाणी तिथं टाकायचो.

एके दिवशी मंदाला न्यायला उशीर झाला, तशी कधी कुणाच्या घरी न जाणारी आत्या उगाळलेल्या वेखंडाची वाटी घेऊन स्वतःच आमच्या दारात आली. उंबऱ्यात बसलेल्या मंदानं तिच्याकडे बोट केलं.

"आत्या, पाय धू!"

बायको आनंदानं किंचाळलीच. मला वाटलं, आत्या आता गल्ली डोक्यावर घेणार. पण तिनं हातातली वाटी हळूच उंबऱ्यावर टेकवली.

"म्हायेर सरल्यापासून मला असं कुनी म्हनलं न्हवतं रं," ती म्हणाली.

बायकोनं हंड्याच्या तळचं पाणी तांब्यात आणलं. आत्यानं सावकाश, दोन्ही पाय धुतले. पाणी आमच्या दारातल्या धुळीत मुरून गेलं. तिला वेखंडाची आठवणही झाली नाही.