यमूकाकूंची अट

तुमच्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण एखाद्या बाईनं न विचारता उचललं, तर तुम्ही तिला काय म्हणाल?

काशीतल्या आमच्या दुर्गाघाटावर तिला यमूकाकू म्हणतात. नमस्कार नंतर, झाकण आधी. "आमटी पातळ झाली गं," असं सुनावून मगच त्या पाटावर टेकतात. श्राद्धाचा स्वयंपाक करावा तो काकूंनीच, म्हणून कुणी काही बोलत नाही.

वरुणा नदीपलीकडच्या कोठड्यांत मात्र ही खोड चेष्टेची राहिली नाही. पुरात गरिबांच्या झोपड्या वाहून गेल्या, तेव्हा सरकारी पूरकमिटीनं तिथे रांगेनं कोठड्या बांधल्या. साहेबांनी हार घालून घेतले आणि नियम केला: कोठडीत कसलाही धंदा करायचा नाही, नाहीतर कोठडी खाली. मग तिथल्या रामदेईसारख्या, पत्रावळींवर पोट भरणाऱ्या बाईनं त्या लावायच्या कुठे? कमिटीच्या टेबलावर? छप्पर द्यायचं, हात बांधायचे, आणि वर याला उपकार म्हणायचं!

काकू तिच्याकडे पत्रावळी सांगायला गेल्या आणि सवयीनं झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं.

"हे काय गं?"

"पड़ोसी समझें कि खाना बन रहा है, माई."

काकूंनी झाकण हळूच परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचा भारा घेऊन त्याच कोठडीत ठाण मांडलं. हळूहळू रांगेतल्या साऱ्या बाया पानं टाचू लागल्या. इकडे घाटावर काकूंची एकच अट: "पत्रावळी वरुणेपलीकडच्या. नाहीतर वडे तुमचे तुम्ही तळा."

एका शास्त्रीबुवांनी टोमणा मारला, "काकू, रोज तिकडे बसता, सोवळं कुठे ठेवता?"

"वाळत घातलंय. तुम्ही तेवढी माकडं हाका."

आणि ऐन पितृपक्षात कोठड्यांवर नजर ठेवणारे कमिटीचे दारोगा भाऊराव आले. आमच्या शेजारच्याच ब्रह्माघाटावरचे. दारातूनच पानांचा ढीग बघून म्हणाले, "काकू, हा धंदा झाला. रामदेईला कोठडी सोडावी लागेल."

रामदेईच्या हातातली काडी मोडली. काकूंनी मान वळवली नाही.

"कसला धंदा? परवा तुमच्या वडिलांचं श्राद्ध ना? त्याच्याच पत्रावळी आहेत या. उचला, फेका बाहेर. वडिलांना सांगा, नियम आहे."

भाऊराव एक पाय आत, एक बाहेर, असे उभे.

"आणि स्वयंपाकाला दुसरी बाई बघा हं. पितृपक्षात मिळाली तर."

"काकू, नियम मी केला नाही हो!" भाऊराव उंबऱ्यावरच बसले. "कमिटीची बैठक होईपर्यंत मी काही पाहिलं नाही, झालं? पुढचं माझ्या हातात नाही."

मी पत्रावळी न्यायला तिथेच आलो होतो. ते गेल्यावर म्हटलं, "काकू, जिंकलात!"

"कसली जिंकले रे? बैठकीत कोठड्या खाली करा म्हणाले, तर?" त्या पानाची शीर बोटानं चेपत राहिल्या. "घाटावर मला श्राद्ध आलं की बोलावतात. जेवणं झाली की मी घरी. इथे ही रामदेई विनाकारण हाक मारते. 'माई, बैठो ना' म्हणते. एवढ्या वर्षांत काशीत मला कुणी नुसतं बसायला बोलावलं नव्हतं."

रामदेईला मराठी येत नाही. तिनं फक्त काकूंच्या मांडीवरची पानं आपल्याकडे ओढली आणि त्यांच्यापुढे गुळाचा खडा नि पाण्याचा लोटा ठेवला.

सर्वपित्री झाली की सोमवारी कमिटीची बैठक आहे. काशीतल्या माझ्या मराठी बांधवांनो आणि भगिनींनो, याच पत्रावळींवर आपले पितर जेवले. त्या दिवशी कचेरीच्या अंगणात या. भाषण करू नका. आत बसलेल्या साहेबांना दिसेल असे उभे राहा, आणि तो नियम रद्द होईपर्यंत घरी जाऊ नका.