बोटाला कळलं पाहिजे

आमच्या शाळेतले पावसकर गुरुजी मुलांची चित्रं डोळे मिटून तपासत. चेष्टा नाही. मुलगा कागद घेऊन पुढे आला की गुरुजी चष्मा काढायचे, डोळे मिटायचे आणि कागदावरून सावकाश बोटं फिरवायचे. "सूर्य काढलायस म्हणतोस? मग कुठे आहे? बोटाला कळलं पाहिजे." मुलगा मुकाट्याने जागेवर जायचा आणि सूर्यावर डिंकाने तांदळाची कणी चिकटवून परत यायचा.

ऐंशीनंतरची वर्षं ती. रत्नागिरीतल्या त्या प्राथमिक शाळेत मी हेडमास्तर म्हणून बदलून आलो होतो. हेडमास्तर म्हणजे काय, तर गळकी कौलं, पटाचे तक्ते आणि वरून आलेल्या कागदांना खालून दिलेली उत्तरं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि मी पार कंटाळलो होतो. त्यात हे गुरुजी.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास तिसरी-चौथीची चित्रकला त्यांच्याकडे असायची. डोकं कापसासारखं पांढरं, सदरा कडक इस्त्रीचा आणि दारातूनच घोषणा: "आज आपण मेक्सिकोत आहोत." दर शनिवारी नवा देश. वाचनालयातले जुने सचित्र अंक पालथे घालून तिथली कला शोधायची आणि आपल्याकडच्या वस्तूंतून ती मुलांकडून करवून घ्यायची. कुणी गैरहजर असला की म्हणायचे, "ह्याचं जहाज चुकलं." स्वतः गुरुजी जवळच्या पाली गावाच्या पुढे कधी गेले नव्हते. एस्टीत बसलं की त्यांना ओकारी यायची.

आफ्रिकेच्या शनिवारी त्यांनी पोफळीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या बुडाशी निघते त्या जाड सालीचे, मुखवटे करून घेतले. नाकं चिंध्यांची, केस काथ्याचे, दात शिंपल्यांचे. आठ दिवसांनी एक पालक माझ्या खोलीत हजर. मला वाटलं, आली तक्रार. तर म्हणाला, "मास्तर, त्ये मुखवटे आंब्याच्या कलमांवर टांगले तवापासून वांदर फिरकत नाय. आणखी धा-बारा गावतील काय?" गुरुजींना निरोप दिला तर ते गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या शनिवारी आपण चीनमध्ये आहोत. थांबायला सांगा वांदरांना."

मुलांची तक्रार एकच. सगळ्यांत उठावदार वस्तू गुरुजी पंच्यात गुंडाळून घरी न्यायचे आणि ती काही परत यायची नाही. मीही एकदा विचारलं. "प्रवासाला गेली," एवढंच म्हणाले.

साहेब तपासणीला आले तो शनिवार नेमका इजिप्तचा होता. मुलांनी मातीच्या पाट्या थापून त्यांवर राजे-राण्या उठवल्या होत्या. गुरुजी खुर्चीत डोळे मिटून एका राजाच्या दाढीवरून बोट फिरवत होते. साहेब दारात दोन मिनिटं उभे राहिले आणि शेरा मारून गेले: शिक्षक वर्गावर झोपलेले आढळले. पुढच्या शनिवारी कागद आला. चित्रकलेचे तास बंद करून परीक्षेच्या विषयांना द्यावेत, शिक्षकाचा लेखी खुलासा घ्यावा.

"अहो, तोंडाने सांगायचंत तरी, झोपलो नव्हतो म्हणून," मी वैतागलो.

"डोळे मिटलेले होते, ते खरंच आहे," गुरुजी म्हणाले. "पण हेडमास्तर, तास घालवू नका. बाकी मला काहीही करा."

मला नवल वाटलं. तास कमी झाला तर बाकीचे मास्तर देवाला नारळ ठेवतात.

खुलासा लिहून घ्यायचा म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पडवीत भिंतीला फळ्या मारलेल्या आणि त्यांवर ओळीने मेक्सिको, चीन, आफ्रिका. खाली चटईवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मांडीवर त्याच दिवशीचा ग्रीसचा मातीचा कलश. त्यांची नजर समोर कुठेतरी होती आणि बोटं कलशावर फिरत होती. वहिनींना दिसत नाही हे मला तेव्हा कळलं. गुरुजींनी शाळेत कुणाला ते कधी सांगितलंच नव्हतं.

"घोडा आहे हा. शेपूट झोकात आहे," त्या म्हणाल्या. "मागल्या खेपेचा राजा मात्र आंबट तोंडाचा होता. हे शनवारी देश आणून देतात, मग मी आठवडाभर हिंडत्ये. आता पुढे कुठे जायचंय हो?"

गुरुजी माझ्या खिशातल्या कागदाकडे बघत राहिले.

"जपान," मी म्हणालो. तोंडाला येईल तो देश सांगितला.

गुरुजी चहा करायला आत गेले तसा वहिनींनी आवाज खाली आणला. "भाऊजी, एक विचारू? ह्यांचे केस पिकले का हो? विचारलं तर नाही म्हणतात. बोटाला रंग कळत नाही."

गुरुजी कप घेऊन दारात येऊन उभे होते. त्यांनी ते पांढरं डोकं माझ्याकडे बघत नको म्हणून नुसतं हलवलं.

"काळेभोर आहेत, वहिनी," मी म्हणालो.

"वाटलंच मला," त्या खूश होऊन म्हणाल्या, आणि पुन्हा घोड्याच्या शेपटीवरून बोट फिरवू लागल्या.

सोमवारी वेळापत्रकातली चित्रकला मी खोडली आणि तिथे भूगोल लिहिला. देशच तर शिकवतात, त्यात खोटं काय? खुलासाही मीच लिहिला: सदर शिक्षक झोपलेले नव्हते, तपासत होते. आधी केस, मग भूगोल, अशी एका आठवड्यात दोनदा त्यांच्यासाठी लबाडी केली, आणि दोन्हींचं मला आजवर काही वाटलेलं नाही.

शनिवारी वर्गाबाहेर उभा राहिलो. गुरुजी हजेरी घेत होते.

"आज आपण जपानमध्ये आहोत," ते म्हणाले. "रंग नंतर. आधी बोटाला कळू दे."