अस्सल मेंढराख्याची बैठी परंपरा

"पण जगातल्या पहिल्या मेंढराख्याचे आईबाप कुठल्या जातीचे होते?"

प्रश्न तसा साधा होता. तो विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती आणि सभागृहाच्या मागच्या दारात त्या एकमेकींच्या खांद्यांवर हनुवट्या ठेवून परिणामाची वाट बघत होत्या. विचारणारीला शाळेत सगळे 'माईक' म्हणत. गेल्या वर्षीपर्यंत ती हजेरीला इतकं हळू 'हजर' म्हणायची, की बाईंनी तिची गैरहजेरी लावून टाकलेली असायची. मग ती चुकून वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली, आणि तेव्हापासून तिच्या हातातला माईक काढून घ्यायला वरच्या वर्गातली दणकट मुलं बोलवावी लागत. आत्मविश्वास नव्या बुटासारखा होता. चावत होता, पण काढवत नव्हता.

मेंढराखा ही मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची जात, आणि व्यासपीठावर मेंढराखा श्वान संवर्धन मंडळाचे अध्यक्ष बसले होते. ते पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले. गळती कुठंही असो, ती आपल्या हद्दीत नाही हे सिद्ध करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी चष्मा पुसला.

"मुली, मंडळाचा नियम स्पष्ट आहे. ज्याचे आईबाप अस्सल, तो अस्सल."

"हो काका. म्हणूनच विचारतेय. पहिल्याच्या आधी कुणी अस्सल नव्हतंच. मग पहिला अस्सल कसा? आणि तो नाही, तर त्याची पिल्लं कशी?"

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मनातल्या मनात तो हिशेब खालपर्यंत नेला आणि मांडीवरच्या कुत्रीला घट्ट धरलं. "म्हणजे आमची राणी..." एवढं म्हणून त्या थांबल्या. सभागृहातले सगळे मालक आपापल्या कुत्र्यांकडे, लग्नानंतर पहिल्यांदाच जोडीदाराकडे नीट बघावं, तसे बघू लागले.

माईक इथं हौसेनं आली नव्हती. तिच्या सोसायटीनं ठराव केला होता, की आवारात फक्त प्रमाणपत्र असलेल्या जातीचे कुत्रे राहतील. बाकीच्यांची रवानगी महिनाअखेर शहराबाहेरच्या निवाऱ्यात होईल. आणि माईकच्या घरी रेट्या होता. जनावरांच्या डॉक्टरांच्या पायरीवर कुणीतरी त्याला सोडून गेलं होतं. त्याला एकच विद्या येत होती. घरातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत दिसली, की तो एकेकाच्या गुडघ्यामागं नाक लावून रेटत सगळ्यांना एका खोलीत आणायचा आणि मग दारात आडवा पडायचा. डॉक्टर म्हणाले होते, "हा मेंढराखाच. लिहून देऊ का?" पण डॉक्टरांचं लिहिलेलं सोसायटीला चालत नव्हतं. मंडळाचंच लागत होतं.

"प्रश्न नियमबाह्य आहे," अध्यक्ष म्हणाले. "त्यामुळे त्यावर उपसमिती नेमावी लागेल. उगम व नामकरण उपसमिती. प्रमुख म्हणून मी प्रश्नकर्त्या मुलीचं नाव सुचवतो."

"आणि आमच्या रेट्याचं प्रमाणपत्र?"

"उपसमितीचा अहवाल आला, की लगेच. अहवाल तूच देणार. म्हणजे घरचंच काम झालं."

तिला पितळी बिल्ला मिळाला. माईक जग बदलायला आली होती, हे खरं. पण बिल्ला फारच छान होता.

उपसमितीनं कामाला सुरुवात केली, म्हणजे माईकनं केली, कारण उपसमितीत दुसरं कुणी नव्हतं. प्रथम तिनं एका मेंढपाळाला फोन लावला. त्याच्याकडून जातीचं पारंपरिक नाव कळेल, अशी तिची समजूत होती.

"कुत्रं?" मेंढपाळ म्हणाला. "मी मोटारसायकलवरनं हाकतो ना. हॉर्नला काय नाव ठेवायचं, ताई?"

तिनं अहवालात लिहिलं, 'मौखिक परंपरा: अनुपलब्ध.' हे वाक्य तिला इतकं आवडलं, की तिनं ते आईला दोनदा वाचून दाखवलं.

नावावरून मंडळात दोन तट होते. एकांचं म्हणणं, ही जात डोंगरउताराची. दुसऱ्यांचं, नदीकाठची. डोंगरउतारवाले नदीकाठवाल्यांच्या कुत्र्यांना 'बेडूक' म्हणत. माईकनं दोघांना समोरासमोर बसवलं, बिल्ला सरळ केला आणि वक्तृत्व स्पर्धेत कमावलेल्या आवाजात तोडगा काढला. नाव ठरलं, 'मूळ डोंगरउतार-नदीकाठ मेंढराखा'. मग कुणीतरी म्हणालं, यात जुनेपणा येत नाही. म्हणून 'प्राचीन' घातलं. कुणी म्हणालं, प्राचीन म्हणजे नामशेष झाल्यासारखं वाटतं. म्हणून 'विद्यमान' घातलं. एका सदस्यानं कौतुकानं बागेत ते अख्खं नाव घेऊन आपल्या कुत्र्याला हाक मारली. नाव संपेपर्यंत कुत्रा फाटकातून बाहेर पडला होता.

राहिला मूळ प्रश्न. पहिल्याचे आईबाप कोण? माईकनं पेन चावत विचार केला आणि लिहिलं, 'हा श्वान आधीपासूनच होता.' सभेत टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी डोळे टिपले. अशी गळती त्यांनाही कधी बुजवता आली नव्हती. मैत्रिणींपैकी एकीनं दारातून विचारलं, "माईक, पण हे तुझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे का गं?" माईकनं तिला बाहेर थांबायला सांगितलं. सभा सदस्यांसाठी होती.

आता या आधीपासूनच असलेल्या श्वानाचं रूप ठरवायचं होतं. पुरावा एकच मिळाला. सचिवबाईंच्या आजेसासऱ्यांचा एक जुना फोटो. त्यात आजेसासरे, कडेला एक कुत्रा आणि मागं ढगासारखं काहीतरी, ज्याला मेंढ्या मानायचं ठरलं. फोटोला कोपऱ्यात घडी पडली होती आणि ती नेमकी कुत्र्याच्या डाव्या कानावरून गेली होती. म्हणून नियम झाला, अस्सल मेंढराख्याचा डावा कान दुमडलेला असतो. ठिकठिकाणचे मालक कुत्र्यांच्या डाव्या कानाला चिकटपट्ट्या लावू लागले.

पण खरी कमाल पुढं होती. फोटोतला कुत्रा बसलेला होता. मेंढ्यांकडे त्याची पाठ होती. फोटो काढणाऱ्यानं त्याला हाक मारली असणार, तरी तो बघत नव्हता. माईकनं या तिन्ही गोष्टींचा सखोल अभ्यास करून जातीच्या मानकात, म्हणजे अस्सलपणाच्या कसोटीत, स्वभाववैशिष्ट्यं लिहिली: बैठक स्थिर, हाकेला प्रतिसाद नाही, कामाकडे पाठ. आणि खाली, स्वतःच्या भाषेवर खूश होऊन, आणखी एक ओळ जोडली: 'धावणे, रेटणे, गोळा करणे ही संकराची लक्षणे समजावीत.'

ती ओळ लिहीत असताना रेट्या तिच्या गुडघ्यामागं नाक लावून तिला जेवायला रेटत होता. तिनं त्याला पायानं बाजूला केलं. ती कामात होती.

तपासणीच्या दिवशी मंडळाची खोली भरली. कुत्रे डावे कान सावरत बसले होते. हाकेला कुणी हलत नव्हतं. राणी तर इतकी स्थिर बसली, की तिला झोप लागली आणि विशेष गुण मिळाले.

मग रेट्याला आत सोडलं. त्यानं खोली पाहिली. अध्यक्ष खिडकीशी, सचिवबाई चहाच्या किटलीशी, डोंगरउतारवाले एका भिंतीला, नदीकाठवाले दुसऱ्या. इतकी विस्कटलेली माणसं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्यानं अध्यक्षांच्या गुडघ्यामागं नाक लावलं. बघता बघता सगळं कार्यकारी मंडळ, दोन्ही तटांसकट, कपाटाच्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभं होतं. मंडळाच्या इतिहासात अशी एकजूट पहिलीच. रेट्या त्यांच्यासमोर आडवा पडला आणि शाबासकीसाठी माईककडे बघू लागला.

"प्रमुख," अध्यक्ष कोपऱ्यातून म्हणाले, "आपला अभिप्राय?"

माईकनं मानक पाहिलं, बिल्ला पाहिला, रेट्या पाहिला. एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. वाक्य तिला येतही होतं. पण ते बोललं, की बिल्ला परत द्यावा लागणार, आणि उद्या शाळेत ती पुन्हा हळू आवाजात 'हजर' म्हणणारी मुलगी होणार, असं तिला उगाचच वाटलं.

"असं वर्तन अस्सल कुत्र्यात आढळत नाही," ती म्हणाली, आणि सही केली. सही फार सुरेख आली.

घरी बाबा छापखान्यातून आले होते. तिच्या ऐटबाज कपड्यांकडे आणि उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "मिळालं का गं?"

"नाही. तो धावतो."

"मग काय करायला हवं होतं त्यानं?"

"काही नाही. काहीच करायला नको होतं."

"हे ठरवलं कुणी?" आईनं विचारलं.

माईकनं बिल्ला तळहातानं झाकला. निवाऱ्याची गाडी सोमवारी येणार होती. रेट्यानं आईला स्वयंपाकघरातून, बाबांना गॅलरीतून आणलं आणि दारात आडवा पडला. मोजणी बरोबर असल्याची खात्री करून त्यानं डोळे मिटले. माईक त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मानक पुन्हा एकदा, या वेळी अर्थ लावत, वाचलं आणि ती उठून उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी बिल्ला परत देणार आहे, पण उद्या. आज रात्री प्रमाणपत्रावर सही करायचा अधिकार माझ्याकडे आहे. सोसायटीला घरातल्या कुत्र्याच्या नावानं मंडळाचं एक प्रमाणपत्र लागतं. तो कुत्रा घरातल्यापैकी कुणी असावा, हे कुठंच लिहिलेलं नाही. मी आपल्या घरात सगळ्यांना मानक लावून पाहिलं. आई, तू दिवसभर पळतेस, तू नापास. बाबा, तुम्ही हाक मारली की येता, तुम्हीही नापास. रेट्याचं तर विचारूच नका. एका जागी बसणारी, हाकेला ओ न देणारी आणि कामाकडे पाठ फिरवणारी एकटी मीच. खाली बाकावर बसून ठराव करणारी मंडळीही सगळी उतरतात, आणि हे सगळं जो कुणी बसल्या बसल्या ऐकतोय, त्यानंही अर्ज करायला हरकत नाही. तर सोमवारपासून या घरातला अस्सल कुत्रा मी. आणि रेट्या तुमचा मुलगा. मुलांच्या आईबापांची जात सोसायटी अजून तरी विचारत नाही."