रतनशेठ चीनमध्ये मराठी बोलतात

चीनमध्ये उतरल्यापासून रतनशेठ भेटेल त्याच्याशी मराठीतच बोलत होते. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाला त्यांनी विचारलं, "काय साहेब, झाली का न्याहारी?" साहेबाने मान वर न करता शिक्का मारला. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "झाली म्हणतोय."

त्यांना हिंदी उत्तम येते, घरात मारवाडी बोलतात, कामापुरतं इंग्रजीही आहे. मी विचारलं, मग मराठीच का? म्हणाले, "त्यांना कळायचं न्हाईच म्हटल्यावर आपल्या तोंडाला सोपी पडेल ती बोलावी, दत्ता."

आळेफाट्याला त्यांचं पंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. रस्त्याच्या पलीकडे माझं मोटार रिवाइंडिंगचं. मी बोरी बुद्रुकचा, पण गेली वीस वर्षं दिवस जातो तो शेठच्या समोरच. ट्रकच्या हॉर्नवरूनही त्यांचा आवाज मला ऐकू येतो. पूर्वी गल्ल्यावर त्यांच्या पत्नी, सुशीलाकाकू, बसायच्या. दोनेक वर्षांत त्या दिसल्या नव्हत्या. विचारलं की शेठ म्हणायचे, "गुडघे, राव. गुडघ्यांनी लई छळलंय." आणि लगेच पाऊसपाण्यावर यायचे. मी पुन्हा कधी खोदून विचारलं नाही.

मोटारी दुरुस्त करता करता मीही पंप विकतो, शेठ विकतात त्याच कंपनीचे. त्या कंपनीने विक्रेत्यांची ही सहल काढली होती. सहाव्या दिवशी हांगझौहून बसने सुझौ आणि तिथून दुपारच्या रेल्वेने नानजिंग असा बेत होता. सकाळपासून आभाळ भरलेलं. काचेबाहेर एकसारख्या उंच इमारती, धुरकट, बिनमाणसांच्या. बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. घरच्या जेवणाची आठवण काढून झाली होती, भांडूनही झालं होतं. शेठ तेवढे ड्रायव्हरच्या मागे बसून त्याला सांगत होते, "रस्ता लई गुळगुळीत ठेवलाय भाऊ. आमच्याकडं या एकदा, कंबर कुठं असते ते कळेल तुमाला." ड्रायव्हर मान हलवायचा. ओतूरचा एक विक्रेता मागून वैतागून म्हणाला, "शेठ, जरा गप बसा की. डोकं दुखतंय." शेठ गप्प झाले. दहा मिनिटांनी ड्रायव्हरच्या कानाशी लागून हळू आवाजात पुन्हा सुरू झाले.

सुझौत एक जुनी बाग दाखवली. अडीचला बसपाशी जमायचं होतं. मोजणी झाली तर शेठ नाहीत. फोन उचलेनात. टूरच्या मॅडम घड्याळ बघायला लागल्या. मी म्हटलं, "मी आणतो शोधून. तुम्ही स्टेशनला निघा, आम्ही टॅक्सीने येतो."

बागेमागे एक कालवा होता. भुरभुर पावसात काठावरच्या छपरीखाली शेठ पाठमोरे बसले होते. शेजारी त्यांच्याच वयाचा एक चिनी म्हातारा, हातात थर्मास. हाक मारणार तेवढ्यात शब्द कानावर पडले.

"आधी बायको नावं विसरायची. मग दुकान विसरली. मागच्या दिवाळीपासून मला बी ओळखत नाय. मी घरात शिरलो की पदर सावरून उभी राहते. म्हणते, शेठ घरात न्हाईत, नंतर या. मी म्हणतो, बरं. ओट्यावर जाऊन बसतो. थोड्या वेळानं परत जातो."

म्हातारा काहीतरी म्हणाला. झाकणात चहा ओतून त्याने शेठपुढे धरला.

"सून दिवसभर करते सगळं. रातीचं मी बघतो. कडी काढून हायवेकडं निघते ना ती. दोन वर्षं डोळ्याला डोळा लागला नाय माझ्या. लेकानं बळंच धाडलं मला इकडं. आन् भाऊ, इथं मला झोप लागते. सकाळी उठलो की लई बरं वाटतं." मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "बरं वाटतं, त्याचीच लाज वाटते."

खिशात माझा फोन थरथरत होता. मॅडमचाच होता. मी तो बंद केला आणि एका खांबाआड उभा राहिलो. रेल्वे जाणार हे मला कळत होतं. पण वीस वर्षं समोर बसून जे मला सांगितलं नाही, ते शेठ कुणाला तरी सांगत होते. मधे जाणं मला जमलं नाही. त्यांचा चहा संपला तेव्हा मी खाकरत पुढे गेलो.

"तू कधी आलास?"

"हा काय, आत्ताच."

शेठ उठले. म्हाताऱ्याला हात जोडून म्हणाले, "येतो भाऊ. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा."

स्टेशनवर पोचलो तर रेल्वे गेलेली. बाकीचे पुढे निघाले होते, मॅडम एकट्या दारात उभ्या. मी म्हटलं, "चूक माझी. मी वाट चुकलो आणि शेठ मलाच शोधत राहिले." शेठनी माझ्याकडे एकदा बघितलं. पुढची रेल्वे दीड तासाने होती. तेवढा वेळ ते कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, शेजारी झाडू मारणाऱ्या बाईशीसुद्धा नाही. मी सगळं ऐकलंय हे त्यांना कळलं होतं.

रेल्वेत आम्ही शेजारी बसलो. बाहेर अंधारून आलं होतं, आपल्याकडे दुपार असेल. शेठनी घरी फोन लावला. ऐकू नीट येईना म्हणून आवाज मोठा केला आणि मोबाइल आमच्या दोघांच्या मधे धरला. मला ऐकू जातंय याची आता त्यांना फिकीर नव्हती. सुनेने फोन काकूंकडे दिला.

"कोण बोलतंय?"

"मी रतनलाल. फाट्यावरचा दुकानदार." एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कुठून बोलताय?"

"चीनमधून."

"लांब आहे का ते?"

"लई लांब."

काकू म्हणाल्या, "बाहेरचं फार फिरू नका, पावणं. लवकर घरी जा. तुमची माणसं वाट बघत असतील."

"हो," शेठ म्हणाले. "निघतोच."