टाका पडेपर्यंत

राहात्यातल्या गिदोन साळव्यांच्या घरात तीन वर्षांपासून दोन वस्तू बिघडलेल्या होत्या. मोरीतला नळ थांबायचे नाव घेत नव्हता आणि ओसरीवरचे चामडे शिवायचे मशीन चालायचे नाव घेत नव्हते. नळाची तक्रार त्यांच्या पत्नी दयाबाई रोज करीत. मशीनची तक्रार कोणी करीत नसे, कारण ज्यांनी ती करायची त्या गिदोनचेच हात आता थरथरत होते. त्यांनी मशीनवर पांढरी चादर घातली होती, आणि तिच्याकडे पाहिले की त्यांच्या मुलाला, जोएलला, हटकून कबरस्तान आठवे. जोएल स्वभावानेच तसा होता. सव्विसाव्या वर्षी माणसाने जितके बोलावे त्याच्या चौथाई तो बोले आणि उरलेले मनात साठवून ठेवी.

मशीन जर्मन होते, आजोबांनी मिशनच्या उद्योगशाळेच्या लिलावात घेतलेले. ओतीव लोखंडाचे, लांब नाकाचे, चार माणसांनी उचलावे असे. दोन पिढ्यांनी त्यावर चपला, बैलांचे पट्टे आणि बायबलची वेष्टने शिवली होती. आता ते शिर्डीच्या काकासाहेबांना हवे होते. काकासाहेब नवे हॉटेल बांधत होते, आणि आत शिरताच भाविकाला काहीतरी जुने दिसले पाहिजे, असे त्यांना कोणीतरी पटवून दिले होते.

"चालतंय का न्हाई, मला काय करायचंय?" ते म्हणाले होते. "बंदच बरं. वर काच टाकायची, काचंवर फुलदानी."

तेव्हा दारातून आवाज आला, "मी चालू करतो." कोण बोलले ते पाहायला सगळे वळले. बोलणाऱ्या जोएललाही तितकेच आश्चर्य वाटले होते.

गिदोननी बराच विचार करून निवाडा दिला. येत्या रविवारी चर्चच्या देवळात कापणीचा सण होता. त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या कष्टाचे प्रथमफळ वेदीपुढे ठेवायचे असते. कोणी बाजरीची कणसे ठेवतो, कोणी कोंबडी. गिदोन दरवर्षी स्वतः शिवलेला चपलांचा जोड ठेवीत. गेली तीन वर्षे मात्र ते बाजारातून विकत आणलेला भोपळा ठेवत होते, आणि ठेवताना कोणाकडे पाहत नव्हते.

"आयतवारी जोड ठिवलास तर मशीन तुजं," ते म्हणाले. "न्हाई तर सोमवारी काकासाहेबांचा टेम्पो यील."

सणाआधीच्या सोमवारी सकाळी जोएलने चादर काढली. तसल्याच मशीनची दुरुस्ती करणारा एक परदेशी गृहस्थ त्याने मोबाईलवर पाहून ठेवला होता. त्या गृहस्थाच्या हातात पांढरे मोजे होते आणि त्याला कुठेही घाई नव्हती. जोएलने एकेक भाग सोडवून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडला, डिझेलने धुतला, तीन वर्षांत डिंकासारखे झालेले तेल खरवडून काढले. सुईच्या दांडीवरची टोपी उघडली तेव्हा तिच्याखाली चामड्याची एक काळी चकती निघाली, लाकडासारखी कडक, नखाएवढी जाड. परदेशी गृहस्थाच्या मशीनमध्ये असले काही नव्हते. इतक्या शिस्तीच्या यंत्रात चामड्याचा तुकडा पाहून जोएलला आपल्या घराण्याची किंचित लाज वाटली. त्याने ती चकती चिंध्यांसोबत मोरीच्या कट्ट्यावर टाकली.

मंगळवारी मशीन जोडून झाले. चाक लोण्यासारखे फिरले. जोएलने चामडे सरकवले, पायडल मारले आणि तुकडा उचलून पाहिला. एका ओळीत अकरा भोके पडली होती. टाका एकही नव्हता.

त्यात दोष कुठे आहे हे त्याला कळत होते. सुई खाली जाऊन वर निघते तेव्हा दोऱ्याचा इवलासा फास मागे सुटतो, आणि खालच्या हुकाने तो त्याच क्षणी पकडायचा असतो. इथे हूक पोहोचेपर्यंत सुई निघून गेलेली असे. मोबाईलवर हे पाहतानाही जोएलला ते यंत्राबद्दलच आहे असे वाटले नव्हते; बोलायचा क्षण त्याच्याही हातून असाच निसटे.

वडिलांना विचारावे, असे त्याच्या मनात आले. ते समोरच बाजेवर बसून रस्ता पाहत होते. पण बापलेकांचे बोलणे बरीच वर्षे बहुतेक दयाबाईंच्या मार्फत चाले, आणि हुकाविषयी काही त्यांच्यामार्फत विचारणे अवघड होते. शिवाय सोमवारपासून घरात एक चमत्कारिक शांतता पसरली होती. काहीतरी थांबले होते. पप्पांनी आशा सोडली, असा जोएलने तिचा अर्थ लावला आणि तो आणखी गप्प झाला.

बुधवारी बिभीषण मेस्त्री आला. तालुक्यातली निम्मी शिलाई मशीने त्याच्या हाताखालून गेली होती. त्याने ती अकरा भोके उजेडात धरली.

"भोकं तर एक नंबर पाडतंय," तो म्हणाला. "दोऱ्याचं तेवढं बघावं लागंल."

त्याने हूक पुढे घेतला, तेव्हा सुई मोडून तिचे टोक दयाबाईंच्या पोह्यांच्या परातीत गेले आणि सगळे पोहे निवडावे लागले. त्याने हूक मागे घेतला, तर भोके पडायची तीही वाकडी पडू लागली. मग चामडे हलत असावे म्हणून त्याने वरचा दाब इतका आवळला की घातलेले चामडे निघेना. ते ओढताना त्याची बाही सुईखाली गेली, पाय पायडलवर पडला आणि मशीनने तीन वर्षांत पहिल्यांदा टाका घातला. एक नव्हे, सात घातले. सातही निर्दोष होते.

जोएल उसवायला धावला. मेस्त्रीने त्याला अडवले. "उसवू नको. पुरावा हाय त्यो. मशीन शिवतंय, हे शिद्द झालं." आणि सदरा तिथेच सोडून तो गिदोनचा सदरा घालून घरी गेला.

गुरुवारी काकासाहेब टेप घेऊन माप घ्यायला आले. सुईखाली लोंबणारा सदरा त्यांनी निरखून पाहिला. "ह्ये बी राहू द्या," ते म्हणाले. "शोभंल."

शुक्रवारी जोएलने दोरा कापून सदरा टाक्यांसकट बाजूला काढला, पण चामड्यावर पुन्हा भोकेच पडली. शनिवारी दुपारी जोएलने सगळे उपाय संपवले आणि फक्त एक उरला. तो बाजेपाशी जाऊन उभा राहिला.

"पप्पा, वरच्या टोपीखाली एक काळी चकती होती. ती कशासाठी होती?"

गिदोननी त्याच्याकडे पाहिले. सहा दिवस ते याच प्रश्नाची वाट पाहत असावेत, असे जोएलला वाटले.

"टोपी उघडती व्हय?" त्यांनी विचारले.

मग हळूहळू कबुली बाहेर आली. चाळीस वर्षांत गिदोननी ती टोपी कधी उघडलीच नव्हती. बापाने सांगितले होते, तेल घाल आणि हात लावू नको. त्यांनी तेल घातले आणि हात लावला नाही. "तू समदं खोलून मांडलंस तवा मला भ्या वाटलं," ते म्हणाले. "म्हनून रस्त्याकडं बगत हुतो. तू काय इचारलंस तर सांगू काय?"

जोएल बाजेवर त्यांच्या शेजारी बसला. मग गिदोन उठून मशीनपाशी आले, दांडीच्या माथ्यावर बोट फिरवले आणि हातालाच कळल्यासारखे म्हणाले, "लोखंड झिजलंय रं हितं. जेवढं झिजलं तेवढं चामडं भरून काडत आसंल. कुटं हाय ती चकती?"

कट्ट्यावर चिंध्या होत्या. चकती नव्हती.

"ती काळी टिकली व्हय?" दयाबाई मोरीतून शांतपणे म्हणाल्या. "नळात बशिवली म्या. सोमवारपासनं एक थेंब गळला का, सांगा. तुमच्या ध्यानात तरी आलं का?"

जोएलच्या ध्यानात आले होते. सहा दिवस तो त्या शांततेत बापाची निराशा ऐकत होता.

नळातली चकती द्यायला दयाबाई तयार नव्हत्या. तीन वर्षे सांगूनही ज्या घरात कोणी नळाला हात लावला नाही, त्या घराला चकती मागायचा हक्क नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून गिदोननी चामडे कापायची रापी घेतली. हात थरथरत होता. जोएलने मनगट धरले. दोघांनी मिळून तीन नव्या चकत्या कापल्या. एक जाड पडली, एक पातळ. तिसरी बरोबर होती, पण नवे चामडे फोपसे, दाबले की बसे आणि सोडले की फुगे. तीन चकत्यांची मिळून तेहतीस भोके झाली.

ते धरलेले मनगट दयाबाई दारातून पाहत होत्या. त्या आत गेल्या, पान्याचा आवाज झाला, आणि ओली चकती मशीनवर येऊन पडली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आन् टाका न्हाई पडला तर दोगंबी जेवायला येऊ नका."

टाका पडला. मग दुसरा पडला, आणि संध्याकाळपर्यंत चपलांचा जोड झाला.

रविवारी तो जोड वेदीपुढे बाजरीच्या कणसांशेजारी होता. तो ठेवताना गिदोननी सगळ्यांकडे पाहून घेतले. सोमवारी टेम्पो आला आणि बिभीषणचा सदरा तेवढा घेऊन गेला. काकासाहेबांना तो काचेखाली लावायचा होता, आणि गिदोनचा सदरा मेस्त्रीला बरा बसत होता.

मशीनच्या नव्या मालकाने पहिले काम आईचे केले. शनिवारी कापलेली तिसरी चकती त्याने नळात बसवली. नळ पूर्वीसारखाच गळू लागला.

"दुसरी कापतो," जोएल ओशाळून म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," बाजेवरून गिदोन म्हणाले. "दबून दबून बसंल. त्या चकतीलाबी चाळीस वर्सं लागली आसतील."

दयाबाईंनी नळाखाली बादली सरकवली. जोएलने पायडलवर पाय ठेवला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की थेंब आणि टाका एकाच वेळी पडत आहेत. मग त्याने वेग तेवढाच ठेवला.