लाल पट्टीचे आबा

शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नाही. अक्षरही असं की उद्या माझं मलाच लागेल की नाही शंका आहे. कुणाच्या हाती ही पानं लागलीच तर सांभाळून घ्यावं. पण शामराव आबांबद्दल लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि सांगायचं म्हटलं तर चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते.

आबा आमच्या शेजारचे. वर्षातून एक-दोनदा सकाळी सकाळी त्यांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू येतो. "आज दूध ठेवू नगा! मी अपघाताला चाललोय!"

नवीन भाडेकरू असेल तर दचकतो. जुने लोक म्हणतात, "या जाऊन आबा, बेतानं."

मी दवाखान्यात साफसफाईला आहे. मोठा दवाखाना आहे. एकदम पन्नास जखमी आले तर कुणी काय करायचं, याची तिथं अधूनमधून रंगीत तालीम होते. खोटे पेशंट आणतात. दारातच डॉक्टर बघतात आणि मनगटाला पट्टी बांधतात. चालता येतं त्याला हिरवी, थोडं थांबला तरी चालेल त्याला पिवळी, ताबडतोब आत घ्यायचं त्याला लाल. आणि गेला असेल त्याला काळी.

आबा दर तालमीला पेशंट. दवाखान्यात त्यांना मी फक्त पहिल्यांदा नेलं, नंतर ते मला नेऊ लागले.

आयुष्यभर त्यांनी एसटी चालवली. पन्हाळ्याची वळणं, राधानगरीचा पाऊस, सगळं झालं, पण गाडीला कधी ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावर अपघाताची एवढी हौस कशाला, असं चहाच्या गाड्यावरच्या बाळूनं विचारलं, तर म्हणाले, "अपघात म्हंजे पोरखेळ न्हाय, पावणं. ज्यानं कधी केला न्हाय त्यालाच त्याची किंमत."

त्यांची तयारी आदल्या दिवसापासून. जुना सदरा काढून ठेवायचा, कारण डॉक्टर तो कात्रीनं टराटरा कापतात. दाढी करायची नाही. "अपघातातला माणूस गुळगुळीत दिसतोय व्हय?" दवाखाना रक्त म्हणून लाल रंग लावतो, तो त्यांना पसंत नव्हता. म्हणाले, "ही रंगपंचमी झाली." मग घरून उसाच्या काकवीत कुंकू कालवून आणलं. दिसायला रक्त अगदी खरं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या नव्या डॉक्टर पोरीनं विचारलं, "काय होतंय आजोबा?"

"हाताला मुंग्या आल्यात."

ती बोटं दाबून बघते, टाचणी टोचून बघते, मानेला पट्टा बांधते. बघते तर खांद्यापासून कोपरापर्यंत खरोखरच्या मुंग्यांची रांग! आबा मात्र हलले नाहीत. नंतर म्हणाले, "बेशुद्ध माणूस मुंग्या झटकतोय व्हय गं?" बेशुद्ध माणूस बोलतो का, हे मी विचारलं नाही.

एकदा त्यांना काळी पट्टी मिळाली. कोपऱ्यात निजवून अंगावर पांढरी चादर टाकली. पेशंटांना चहा वाटायला आले ते त्यांना ओलांडून गेले. चादर फेकून आबा उठून बसले.

"मी जित्ता हाय की वो!"

"आबा, तुम्ही गेलाय," डॉक्टर म्हणाले.

"कुणाला इचारून?"

"नियम आहे. एकाच वेळी एवढे पेशंट आले की..."

"एसटीत उभ्या माणसालाबी कुणीतरी सरकून जागा देतंय. आणि तुम्ही पडल्या माणसाकडं बघत न्हाईसा व्हय?"

तेव्हापासून त्यांना लाल पट्टीच देतात. नाहीतर तालीम पुढं सरकत नाही.

लाल पट्टीवाल्याला भराभर प्रश्न विचारतात. नाव, गाव, कुठं दुखतं, घरी कोण. आबांना सगळ्यात आवडायचा तो शेवटचा प्रश्न. एकदा ते गडमुडशिंगीचे शेतकरी झाले. तीन मुलगे, धाकटा म्हशी बघतो, थोरल्या सुनेच्या हाताला चव, नातीचं बारसं आलंय. सिस्टर लिहून घेताना थकली. प्रत्येक वेळी नवं गाव, नवा गोतावळा. मी लादी पुसता पुसता ऐकायची. खरं तर आबांची बायको फार वर्षांपूर्वी गेली आणि मूलबाळ काही नव्हतं. घरी एक रेडिओ आहे, तो ते कधी बंद करत नाहीत.

यंदा नव्या डॉक्टर मॅडम आल्या. हुशार बाई. म्हणाल्या, पेशंट आपण सांभाळतो, पण खरा गोंधळ घालतात नातेवाईक. दारात आरडाओरडा, एकाच्या पेशंटाची बातमी दुसऱ्यालाच सांगितली जाते. त्यामुळे या वेळी त्याचीही तालीम. प्रत्येक पेशंटानं घरच्या माणसाचा नंबर द्यायचा. दवाखाना खरोखर फोन करणार, ते माणूस येऊन ओळख पटवणार आणि पेशंटाला घरी नेणार. शेजारी चालणार नाही. घरचं माणूस नसेल त्यानं भाग घेऊ नये.

आबा तिथं मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घरात माणसांना तोटा न्हाय!"

गल्लीत आल्यावर मग घरच्या माणसाची शोधाशोध सुरू झाली. बाळूला म्हणाले, "लगा, भाच्चा म्हणून यायचास. नुसतं रडायचं." बाळू म्हणाला, "गिऱ्हाईक टाकून कसा येऊ? आणि यंदा ऱ्हायलं तर काय बिघडतंय आबा? वयबी झालं." घरमालकाचा मुलगा हसला. खालच्या आळीच्या तात्यांना ऐकू येत नाही, फोन कोण उचलणार?

मी उंबऱ्यात उभी होते. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि हात झटकला. "तुला काय सांगू, शालन? तुला भाजीवालीशी भाव करता येत न्हाय." खरंच होतं ते. मी आत गेले.

तालमीच्या दिवशी सकाळी गल्लीत ओरडणं झालं नाही. मला वाटलं, आबा गेले नाहीत. मी कामावर गेले. दुसऱ्या मजल्यावर पुसत असताना माझा फोन वाजला. पाणी आलं की आबांना मिसकॉल देते, त्याखेरीज त्या फोनला फारसं काम नसतं.

"शालन पाटील का? दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या वडिलांचा अपघात झालाय. शामराव. घाबरू नका, लवकर या."

माझे वडील मी लहान असतानाच गेले. खाली न गेले तर काय होईल, ते मला माहीत होतं. मॅडम सगळ्यांसमोर विचारतील, यांचं कुणीच कसं आलं नाही? एवढ्या स्ट्रेचरांत एकट्या आबांचंच.

बादली भिंतीला लावली. कामाचा अंगरखा काढला, पदर नीट केला. जिना उतरले.

खाली हीऽ गर्दी. टेबलावरची सिस्टर मला रोज बघते. "अगं शालन, तू नातेवाइकांत कुठं? तू तर इथलीच."

"आज इथली न्हाय," मी म्हणाले. "घरची हाय."

नव्या मॅडम वळल्या. "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"लेक."

"आडनाव वेगळं दिसतंय."

"लगीन झालं की बदलतंय की ओ!" एवढ्या मोठ्यानं बोलले की बाजूचे दोन पेशंट उठून बसले. मग तोंड थांबेचना. "आमच्या आबांना कुठं ठेवलंय? त्यांना चादर घालू नगा तोंडावर, जीव घाबरतोय त्यांचा. उजव्या कानानं कमी ऐकू येतंय, डाव्या बाजूनं बोला. सकाळपास्नं काय खाल्लं न्हाय त्यांनी, दूधबी घेतलं न्हाय. मला आधी दाखवा!"

मॅडम शेजारच्या डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "नातेवाईक असेच असतात. नीट बघून ठेवा."

आबा लाल पट्टी बांधून डोळे मिटून पडले होते. मी डाव्या बाजूला उभी राहून म्हणाले, "आबा, मी आलेय." त्यांनी माझी बोटं धरली. डोळे उघडले नाहीत.

शिट्टी वाजली, तालीम संपली. सगळे पेशंट उठून वडापावकडं पळाले. आबांनी बोटं सोडली नाहीत. माझ्या खांद्यावर भार टाकून, एक पाय ओढत ओढत ते फाटकापर्यंत आले.

"आबा, संपलं की आता," मी म्हणाले.

"तुझं संपलं असंल."

रिक्षावाल्यानं फाटका सदरा आणि लाल डाग बघून विचारलं, "काय झालं वो म्हाताऱ्याला?"

"कायबी झालं न्हाय," आबा आत सरकून मला जागा करून देत म्हणाले. "लेक न्यायला आलीया."